विमा नसताना रुग्णालयाचं बिल: वाघोलीकरांनी काय विचारावं, कधी विचारावं

वाघोलीत राहणाऱ्या कुटुंबाचा महिन्याचा हिशेब आधीच ओढाताणीचा असतो. घरकर्जाचा हप्ता, मुलांची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, खराडीपर्यंतच्या रोजच्या जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे. एवढं सगळं भागवताना आरोग्य विम्याचा हप्ता पुढच्या वर्षावर जातो. दगडखाणीत, बांधकामावर किंवा नगर रस्त्यालगतच्या गोदामात काम करणाऱ्यांच्या घरी तर तो विषयच निघत नाही. गावाकडून मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांना वय आणि जुने आजार पाहून कंपन्या पॉलिसी देत नाहीत, किंवा परवडणार नाही इतका हप्ता सांगतात. अशा घरात एखाद्या रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागतं. जवळचं रुग्णालय गाठलं जातं, काउंटरवर डिपॉझिट भरलं जातं आणि पाच-सहा दिवसांनी हातात पडलेलं बिल पाहून घरातल्यांचा धीर सुटतो.

त्या वेळी बहुतेक जण डिस्काउंट मागतात. काहींना थोडंफार मिळतं, काहींना तेही नाही. पण बिल कमी करण्याची खरी वेळ तोवर निघून गेलेली असते. बिल ठरतं ते रुग्णालय निवडताना, खोली घेताना, एस्टिमेट मागताना आणि रोजचा हिशेब पाहताना. डिस्चार्जच्या दिवशी उरतं ते फक्त शेवटचं काम. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की महाराष्ट्रात विमा नसलेल्या माणसाला काही सवलती कायद्याने मिळालेल्या आहेत. त्या आधी घ्यायच्या आणि विनंती नंतर करायची. हा क्रम लक्षात ठेवला, तर बोलणी करताना आवाज खाली घालावा लागत नाही.

विमा खरंच नाही का?

‘आमचा विमा नाही’ असं म्हणणाऱ्या पुष्कळ कुटुंबांकडे प्रत्यक्षात एखादं संरक्षण असतं, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. म्हणून रुग्णालयात पाऊल टाकण्यापूर्वी पुढच्या गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली. २०१७ मध्ये तिला सध्याचं नाव मिळालं आणि पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती होती. जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह राज्यातली सगळी कुटुंबं तिच्यात आली आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. आयटीत नोकरी करणाऱ्याच्या आईवडिलांची शिधापत्रिका लातूरची किंवा बुलढाण्याची असली तरी अडत नाही, कारण योजना राज्यभर चालते. मात्र सगळे आजार तिच्यात बसत नाहीत, सगळी रुग्णालयं तिच्याशी जोडलेली नाहीत आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यामुळे आधी १५५३८८ या क्रमांकावर आजार सांगून जवळचं रुग्णालय विचारा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. काउंटरवर पैसे भरण्याआधी त्याला भेटा. एकदा रोखीचा रुग्ण म्हणून नोंद झाली की मागाहून योजनेत येणं अवघड होतं.

दुसरी, ज्येष्ठांची. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावरही वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. आधार कार्डावर नोंदणी होते. घरात आजी-आजोबा असतील, तर हे काम या आठवड्यात करून टाका.

तिसरी, कामगारांची. पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारपत्रकावर ईएसआयसीची कपात दिसत असेल, तर तुमचं सगळं कुटुंब राज्य कामगार विमा योजनेत आहे. सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांत आणि वाघोलीच्या गोदामांत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पुष्कळांची ही कपात होते, पण कार्ड कधी हातात आलेलं नसतं. ठेकेदाराकडून विमा क्रमांक मागून घ्या. योजनेचं रुग्णालय बिबवेवाडीत आहे. बांधकाम कामगारांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी केली असेल, तर गंभीर आजारासाठी मंडळाकडूनही मदत मिळते. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल, तर नोंदणी होऊ शकते.

चौथी, महापालिकेची. वाघोली ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली, हे आपण रस्ते आणि पाण्याच्या तक्रारी करताना आठवतो. पण त्यामुळे इथल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना महापालिकेच्या शहरी गरीब वैद्यकीय साहाय्य योजनेचं दारही उघडलं. त्या योजनेत बिलाचा काही भाग महापालिका उचलते. उत्पन्नाची अट आणि लागणारे कागद क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या, आणि हे काम आजारपण येण्याआधी करा.

पाचवी, अपघाताची. नगर रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांना ही माहिती तोंडपाठ हवी. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना लागू केली. ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च तीत भागतो. जखमीला नेल्याबरोबर ‘रस्ता अपघाताच्या योजनेत नोंद करा’ असं स्पष्ट सांगा आणि पोलिसांना कळवा.

कुठे जायचं ते आधीच ठरवा

जिवावर बेतलं असेल, तर जे जवळ आहे तिथेच जा. पत्ता शोधत बसू नका. पण पहिले काही तास सरले, रक्तदाब आणि श्वास स्थिर झाला, की डॉक्टरांना विचारा: ‘पेशंट हलवण्यासारखा आहे का?’ ‘हो’ असं उत्तर मिळालं तर तुमच्यासमोर निवड आहे, आणि बिलाचा सगळ्यात मोठा फरक याच निवडीने पडतो.

वाघोलीतून सर्वांत स्वस्त पर्याय सरकारीच आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून औंधच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य आहेत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे तिथे थोडं शुल्क लागतं, पण खासगीच्या मानाने ते नाममात्र असतं. १८६७ पासून पुणे आणि आसपासचे जिल्हे याच रुग्णालयावर विसंबून आहेत. तिथे गर्दी आहे, धावपळ आहे, रांगा आहेत. तरीही मोठी शस्त्रक्रिया, भाजल्याच्या जखमा किंवा लांबणारं आयसीयू समोर असेल, तर घर गहाण टाकण्याआधी ससूनचा विचार करा. महापालिकेची कमला नेहरू आणि येरवड्याचं राजीव गांधी ही रुग्णालयंही याच बाजूची आहेत.

खासगीतच जायचं असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

धर्मादाय रुग्णालय: इथे सवलत हा हक्क आहे

पुण्यातली पुष्कळ नामांकित रुग्णालयं सार्वजनिक न्यासांची आहेत. करसवलती, कधी सरकारी जमीन, कधी वाढीव चटईक्षेत्र, असे लाभ त्यांना मिळालेले असतात. त्या बदल्यात त्यांच्यावर जबाबदारी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने एक योजना तयार झाली आणि सप्टेंबर २००६ पासून ती लागू आहे. तिच्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

• एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या.

• सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे ‘आयपीएफ’ म्हणतात. सवलतीचा खर्च याच निधीतून भागतो.

• निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, आणि दुर्बल घटक म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. सुरुवातीला ही मर्यादा फार खाली होती आणि ती टप्प्याटप्प्याने वाढली. त्यामुळे ‘आपण काही एवढे गरीब नाही’ असं स्वतःच ठरवून मागे फिरू नका. महिन्याला तीस हजारांपर्यंत मिळकत असलेलं घर दुर्बल घटकात बसतं.

• खाट, परिचारिकांची सेवा, निवासी डॉक्टर, जेवण, वीज-पाणी, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे या रुग्णांकडून घ्यायचे नाहीत. औषधं, वापराचं साहित्य आणि शरीरात बसवायचे भाग रुग्णालयाच्या खरेदी किमतीला लावायचे. यातली निम्मी रक्कम तरी दुर्बल घटकातल्या रुग्णाने भरायची असते.

• तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार करायचे आणि त्यासाठी डिपॉझिट मागायचं नाही.

डिपॉझिटचा हा मुद्दा पुण्याने फार मोठी किंमत मोजून शिकला आहे. एप्रिल २०२५ मध्ये शहरातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवती महिलेच्या कुटुंबाकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. त्याआधीच त्या मातेचा मृत्यू झाला होता. शासनाने चौकशी लावली आणि राज्यभर हा प्रश्न गाजला. तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेऊ नये हा नियम तेव्हाही होता. तो ठणकावून सांगणारं कुणी काउंटरवर असावं लागतं. ते काम आपल्यालाच शिकावं लागेल.

प्रत्यक्षात काय करायचं? रुग्णालय धर्मादाय आहे का, हे धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा. एकाच नावाच्या समूहाची एक शाखा न्यासाची आणि दुसरी कंपनीची असू शकते, म्हणून नाव आणि पत्ता दोन्ही जुळवा. दाखल झाल्याच्या दिवशीच रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. सोबत शिधापत्रिका, आधार कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ठेवा. दाखला काढायला वेळ लागणार असेल, तर ‘अर्ज केला आहे, दाखला आणून देतो’ असं लिहून द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. काउंटरवर असं बोला:

‘मॅडम, आमचं उत्पन्न दुर्बल घटकाच्या मर्यादेत आहे. आयपीएफचा अर्ज द्या. आज खाटा शिल्लक नसतील, तर तसं लिहून द्या, म्हणजे मी धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात विचारतो.’

बोलणं नम्र, पण मागणी लेखी. तोंडी नकार देणं सोपं असतं, तोच नकार सहीनिशी देणं अवघड असतं.

दाखल होतानाचे सात प्रश्न

रुग्णालय धर्मादाय नसेल किंवा तुमचं उत्पन्न मर्यादेबाहेर असेल, तर खरी बोलणी इथून सुरू होतात. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांच्या दरांवर सरसकट मर्यादा नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. मात्र त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रुग्णालयाला दोन गोष्टी बंधनकारक केल्या: रुग्ण हक्कांची सनद लावणं आणि खाट, आयसीयू, डॉक्टरांच्या भेटी, ऑपरेशन थिएटर, ऑक्सिजन अशा मुख्य सेवांचे दर दाखवणं. म्हणजे दर विचारणं हा उद्धटपणा ठरत नाही. प्रश्न हे विचारा:

१. दरपत्रक कुठे आहे? त्याचा फोटो काढून घेऊ का?

२. या उपचाराचं पॅकेज आहे का? पॅकेजमध्ये काय धरलं आहे आणि काय वेगळं लागेल?

३. लेखी एस्टिमेट मिळेल का, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती?

४. जनरल वॉर्ड, शेअरिंग आणि स्वतंत्र खोली यांत फक्त खोलीचं भाडं बदलतं, की सगळेच दर?

५. एस्टिमेटच्या बाहेर खर्च जायला लागला, तर आधी फोन कराल का?

६. औषधं आणि तपासण्या बाहेरून आणता येतील का?

७. आमचा विमा नाही, आम्ही स्वतः भरणार आहोत. सेल्फ-पे रुग्णाला काय दर देता?

चौथा प्रश्न लोक सर्वांत जास्त विसरतात, आणि बिलात मोठा फरक त्यानेच पडतो. पुष्कळ रुग्णालयांत खोलीचा वर्ग वाढला की डॉक्टरांची भेट, सर्जनची फी, थिएटरचं भाडं, कधी तपासण्यासुद्धा त्याच पायरीवर चढतात. समजा, जनरल वॉर्डात डॉक्टरांच्या भेटीचे ६०० रुपये आणि स्वतंत्र खोलीत १,२०० रुपये असतील. दिवसाला तीन डॉक्टर येत असतील, तर एवढ्या एका ओळीतच पाच दिवसांत ९,००० रुपयांचा फरक पडतो. त्याशिवाय आयसीयू सोडून ज्या खोलीचं भाडं दिवसाला ५,००० रुपयांच्या वर आहे, तिच्यावर जीएसटीही लागतो. डॉक्टर तेच असतात, औषध तेच असतं. म्हणून नातेवाइकांच्या आग्रहापुढे झुकू नका, जनरल वॉर्डातच राहा.

दर जास्त आहे की रास्त, हे कसं कळणार? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सीजीएचएस योजनेचे दर जाहीर असतात. खासगी रुग्णालय ते दर तुम्हाला द्यायला बांधील नाही. तरीही ‘याच शस्त्रक्रियेचा सीजीएचएसचा दर इतका आहे, तुमचा एवढा का?’ या प्रश्नाने बोलणी आकड्यांवर येतात. घाई नसलेलं ऑपरेशन असेल, जसं हर्निया, मुतखडा, मोतीबिंदू किंवा गुडघा, तर किमान तीन ठिकाणांहून लेखी एस्टिमेट घ्या. वाघोलीत एक, खराडी-विमाननगर भागात एक आणि शहरातलं एखादं धर्मादाय. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हाही तुमचा हक्क आहे. त्यासाठी पहिले डॉक्टर रागावतील ही भीती मनातून काढून टाका.

रोजचा हिशेब आणि औषधांची पिशवी

दाखल झाल्यावर घरातल्या एकाच माणसाकडे हिशेब द्या. रुग्णाजवळ बसणारा एक आणि पैशाचं पाहणारा दुसरा. दर दुसऱ्या दिवशी कच्चं बिल मागा आणि एका वहीत नोंद ठेवा: कोणते डॉक्टर किती वाजता आले, कोणती तपासणी झाली, किती सलाईन लागल्या. अंतिम बिल आलं की ही वही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. चुका बहुधा याच जागी सापडतात: न झालेल्या भेटी, दोनदा लावलेली तपासणी, आयसीयूच्या दरात धरलेलं असूनही वेगळं लावलेलं मॉनिटरचं भाडं, वापरापेक्षा जास्त लिहिलेले हातमोजे आणि सिरिंज, डिस्चार्ज रखडल्यामुळे वाढलेला एक दिवस. शेवटचं टाळायचं असेल, तर आदल्या संध्याकाळीच डॉक्टरांना डिस्चार्जची वेळ विचारा आणि बिलिंगला कळवून ठेवा.

औषधांचा खर्च वेगळा पाहावा लागतो. रुग्णालयाच्याच मेडिकलमधून औषधं घेण्याची सक्ती करता येत नाही, हे रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तसा फलक लावण्याच्या सूचनाही मेडिकल दुकानांना दिल्या. छापील किंमत आणि प्रत्यक्ष खरेदी किंमत यांत, विशेषतः जेनेरिक औषधांत आणि वापराच्या साहित्यात, बरंच अंतर असतं. म्हणून यादी हातात घ्या, बाहेरच्या दुकानात आणि जनऔषधी केंद्रात भाव विचारा आणि डॉक्टरांना सांगा: ‘सर, याच घटकाचं स्वस्त औषध चालेल का?’ अनेक डॉक्टर मनापासून पर्याय लिहून देतात. रोज न वापरलेली, सीलबंद राहिलेली औषधं मोजा आणि परत करून पैसे वळते करून घ्या. आयसीयूच्या रुग्णाच्या पिशवीत अशी औषधं पुष्कळ उरतात.

स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे यांच्या किमतींवर केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने २०१७ पासून मर्यादा घातली आहे. बिलात कंपनीचं नाव आणि किंमत वेगळी दाखवलेली आहे का पाहा, वेष्टनावरचं स्टिकर जपून ठेवा आणि ताजी कमाल किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या अॅपवर तपासा.

शेवटची बोलणी

अंतिम बिल आलं की आधी चुका दुरुस्त करून घ्या, सवलत त्यानंतर मागा. दोन्ही एकदम केलं, तर दुरुस्तीलाच सवलत म्हणून दाखवलं जातं.

बिलाचे तीन मालक असतात, हे ध्यानात ठेवा. डॉक्टरांची फी डॉक्टर कमी करू शकतात. खाट, थिएटर आणि परिचर्या यांचे पैसे व्यवस्थापन कमी करू शकतं. औषधांत सवलत मेडिकल देतं. काउंटरवरच्या मुलाच्या हातात यातलं काहीच नसतं, त्याच्यावर आवाज चढवून काही निघत नाही. त्यामुळे सर्जनना राउंडच्या वेळी शांतपणे भेटा:

‘डॉक्टर, तुम्ही बाबांना वाचवलंत, उपकार आहेत. विमा नाही, आम्ही साठ हजार जमवले आहेत. तुमच्या फीमध्ये काही कमी करता आलं, तर बिलिंगला दोन ओळी लिहून द्याल का?’

त्यानंतर व्यवस्थापकांना किंवा बिलिंगच्या प्रमुखांना भेटा. ‘काहीतरी कमी करा’ असं मोघम बोलू नका. ‘आज इतके भरतो, बिल एवढ्यावर मिटवा’ असा आकडा सांगा, कारणासोबत कागद दाखवा आणि पैसे लगेच भरायची तयारी ठेवा. रोकडविरहित उपचार देणाऱ्या रुग्णालयाला विमा कंपनीकडून पैसे यायला आठवडे लागतात. तुम्ही तिथल्या तिथे भरत आहात, ही तुमच्या बाजूची भक्कम गोष्ट आहे. वाघोलीतल्या दहा-पंधरा खाटांच्या रुग्णालयांत मालक स्वतः डॉक्टर असतात, तिथे हे सगळं एकाच भेटीत होतं. मोठ्या रुग्णालयात लेखी अर्ज द्या आणि समाजसेवा अधिकाऱ्याकडून शिफारस घ्या.

‘पावती नको असेल तर कमी करतो’ असं कुणी म्हणालं, तर नाही म्हणा. पक्क्या बिलाशिवाय ना तक्रार करता येते, ना मदतीचा अर्ज. शिवाय एका उपचारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. आईवडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांचा विमा नसेल, तर बँकेतून किंवा यूपीआयने केलेल्या उपचारखर्चावर जुन्या करपद्धतीत ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. त्यालाही बिलच लागतं.

नगरसेवक किंवा आमदारांचा फोन लावून बिल कमी करून घेण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि अडचणीत कुणी ती वापरली तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्या फोनची वाट पाहत हक्काचा अर्ज करायचा राहून जाऊ देऊ नका.

पैसे तरीही कमी पडले तर

बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवून ठेवणं बेकायदेशीर आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. मृतदेह अडवता येत नाही, हे तर २०२१ च्या नियमांतही आहे. रुग्णालय पैशाची कायदेशीर वसुली करू शकतं, माणसाची अडवणूक करू शकत नाही. तसा प्रसंग आला, तर ११२ वर फोन करा.

उरलेल्या रकमेचे हप्ते मागा: किती, कोणत्या तारखांना, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. रुग्णालयाच्या दारात मिळणारं झटपट कर्ज घेण्याआधी प्रक्रिया शुल्क आणि व्याज विचारा. बँकेतलं सोनेतारण त्याहून बहुधा स्वस्त पडतं.

मुख्यमंत्री साहाय्यता निधीतून ठरावीक गंभीर आजारांसाठी मदत मिळते. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं प्रमाणपत्र लागतं. झालेल्या खर्चाची भरपाई तिथून मिळत नाही, म्हणून अर्ज रुग्ण दाखल असतानाच करावा लागतो. काही देवस्थानं आणि विश्वस्त संस्थाही मदत देतात. समाजसेवा अधिकाऱ्याकडे त्यांची यादी असते, ती मागून घ्या.

तक्रार कुठे करायची

बिल अवाजवी वाटलं, तर आधी रुग्णालयाच्या तक्रार कक्षाला लेखी कळवा. वाघोलीचे खासगी दवाखाने आता महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे पुढची तक्रार तिथे. धर्मादाय रुग्णालयाबद्दल धर्मादाय सहआयुक्तांकडे, जन आरोग्य योजनेबद्दल १५५३८८ वर. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, म्हणून ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. सुरुवातीच्या सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. ती सर्वांत आधी मागा.

तक्रारीने काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी कोविडचा काळ आठवावा. मे २०२० मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांना दिवसाचे दर ठरवून दिले: वॉर्डात ४,००० रुपये, आयसीयूत ७,५०० आणि व्हेंटिलेटरवर ९,०००. पुणे महापालिकेने दीड लाखांवरच्या बिलांसाठी लेखापरीक्षक नेमले. जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती या संघटनांनी जादा आकारलेली बिलं तपासून घ्यायला लावली आणि अनेक कुटुंबांना पैसे परत मिळाले. त्यासाठी लागली ती तपशीलवार बिलं आणि औषधांच्या पावत्या.

एक मर्यादा मात्र पाळाच. डॉक्टर, परिचारिका किंवा काउंटरवरच्या माणसावर हात उगारणं, तोडफोड करणं हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्यांच्या हाती आपला माणूस सोपवला आहे, त्यांचा मान राखूनही पैशाबद्दल ठाम बोलता येतं.

या आठवड्याचं काम

आजारपणात कागद गोळा करणं फार अवघड जातं. म्हणून आजच एक फाइल करा. तिच्यात घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, शिधापत्रिका, आयुष्मान कार्डं, उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी ठेवा. दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढता येतो. फाइलच्या पहिल्या पानावर १०८, ११२, १५५३८८ हे क्रमांक आणि तुमच्या भागातली जन आरोग्य योजनेतली दोन व धर्मादाय यादीतली दोन रुग्णालयं लिहून ठेवा. फाइल कुठे आहे, हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक असू द्या.

सोसायटीत राहत असाल, तर पुढच्या बैठकीत हा विषय काढा. तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंची, रात्री गेटवर बसणाऱ्या काकांची नोंदणी झाली आहे का, ते विचारा आणि अर्ज भरायला एक तास द्या. विमा घेणं शक्य असेल, तर तो जरूर घ्या. पण तो नाही म्हणून समोर येईल तो आकडा निमूट भरायचा, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.